कचरा डेपोशेजारच्या शेतातली माती कशी तपासावी

पुण्याजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगीसारख्या कचरा डेपोला लागून शेत असेल, तर नुसत्या मृदा आरोग्य पत्रिकेवर विसंबू नका. तिच्यात १२ घटक असतात. शिसे आणि कॅडमियम नसतात. उलट डेपोतून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने सेंद्रिय कर्ब, जस्त, तांबे वाढलेले दिसतात आणि बिघडलेली जमीन कागदावर सुपीक ठरते.

पीक निघाल्यावर, पावसाआधी नमुने घ्या. उताराच्या अंगाला डेपोपासून साधारण ५०, २०० आणि ५०० मीटरवर एकेक, आणि चौथा डेपोच्या वरच्या अंगाच्या, तशाच मातीच्या शेतातून. चौथा चुकवू नका. बेसॉल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत तांबे मुळातच जास्त असते. तुलनेला काही नसेल तर डेपोमुळे किती वाढले हे सांगता येत नाही.

प्रत्येक नमुन्यासाठी ८–१० ठिकाणी २० सेंमी खोल, इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे खड्डे घ्या. खड्ड्याच्या एका बाजूची वरपासून तळापर्यंत २–३ सेंमी जाडीची माती काढा. सगळी मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. बांध, शेणखताचा ढीग, झाडाखालची जागा टाळा. जस्ताचा मुलामा दिलेले घमेले वापरले तर जस्त नमुन्यात उतरते, म्हणून लाकडी खुरपे आणि प्लास्टिकचा टब घ्या. माती सावलीत वाळवा.

प्रयोगशाळेत ‘एकूण जड धातू’ असे स्पष्ट लिहून द्या. डीटीपीए या रसायनाने केलेल्या चाचणीत धातूंचा पिकाला मिळू शकणारा भागच कळतो. दोन्ही आकडे हवेत. शिशासाठी १०० आणि कॅडमियमसाठी ५ मिग्रॅ/किलो या मर्यादा १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी आहेत. मातीला त्या लावू नका.

विद्युत वाहकता, म्हणजे मातीत क्षार किती हे सांगणारा आकडा, १ डेसिसायमन/मीटरच्या आत असेल तर ठीक. १ ते २ मध्ये उगवण मार खाते, ३ च्या पुढे बहुतेक पिकांचे नुकसान होते. क्षारांबरोबर सोडियमही येते. काळी माती त्याने चोपण होते, पाणी मुरत नाही. विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेले) सोडियम १५ टक्क्यांवर असेल तर जिप्सम द्या, पण निचऱ्याचे चर आधी काढा, नाहीतर सुटलेले सोडियम तिथेच राहते. जिप्समने शिसे-कॅडमियम जात नाही.

विहिरीचे पाणी मे आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळा तपासा. ते दूषित असेल तर माती सुधारण्याचा खर्च वाया जातो. धातू वरच्या अंगाच्या नमुन्यापेक्षा स्पष्ट जास्त निघाले, तर पालक, मेथी, मुळा लावू नका. पालेभाज्या कॅडमियम लवकर ओढतात. त्या तुकड्यात झेंडू किंवा शेवंती घ्या.