ब्रिटिश अमलातल्या शिकाऊ पोलीस अधिकाऱ्याच्या सेवाशर्ती कशा वाचाव्यात

पोलिसांच्या जुन्या दप्तरावर काम सुरू करणारा नवा अभ्यासक बहुतेक वेळा पगाराच्या आकड्यापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. आकडा नंतर. आधी एकच गोष्ट शोधायची: फाईलमधल्या शिकाऊ अधिकाऱ्याची नेमणूक कोणी केली? लंडनमधल्या भारतमंत्र्याने (भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्र्याने), प्रांतिक सरकारने, इन्स्पेक्टर जनरलने की जिल्ह्याच्या सुपरिंटेंडेंटने? पगार, रजा, पेन्शन आणि नोकरीवरून काढण्याचा अधिकार, सगळे त्या सहीला बांधलेले असते.

नाशिकच्या पोलीस ट्रेनिंग स्कूलचेच पाहा. अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या 1902-03 च्या पोलीस आयोगाने प्रांतोप्रांती प्रशिक्षणशाळा काढायला सांगितले. त्यानंतर मुंबई इलाख्याची शाळा 1906 साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला सुरू झाली आणि पुढे काही वर्षांतच नाशिकला गेली. तिथे एकाच कवायत मैदानावर लंडनची परीक्षा देऊन आलेला असिस्टंट सुपरिंटेंडेंट आणि इथला होतकरू फौजदार उभे असत. दोघेही प्रोबेशनवर, दोघांनाही कायदा, कवायत आणि खात्याच्या परीक्षा. पण पहिल्याचा करार भारतमंत्र्याशी, तर दुसऱ्याची नेमणूक इथल्या पोलीस खात्याच्या हुकमाने. शाळा एक असली तरी सेवाशर्ती दोन, म्हणून शाळेच्या वार्षिक अहवालावरून कोणाच्याही अटी ठरवू नका.

दुसरी पायरी, कायदा कोणता लागू होता हे ठरवणे. इंटरनेटवर 1861 चा पोलीस कायदा सहज मिळतो आणि नवखे लोक तो सरसकट सगळ्यांना लावतात. मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांना 1890 चा मुंबई जिल्हा पोलीस कायदा होता आणि मुंबई शहराला 1902 चा वेगळा. 1861 चा कायदा मध्य प्रांतात चाले, म्हणजे आजच्या नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर भागात. त्यामुळे नाशिकचा फौजदार आणि नागपूरचा फौजदार एकाच कलमाखाली बसत नाहीत. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख राहिल्यामुळे तिथे कायदे स्वतंत्र हुकमाने लागू करावे लागत, तेव्हा अमरावती-अकोल्याची फाईल हातात आली तर तो हुकूम आधी शोधा. कोल्हापूर, बडोदा, हैदराबाद ही संस्थाने यात येतच नाहीत. त्यांचे पोलीस त्यांचे.

1861 च्या कायद्यातले एक कलम मात्र जवळून वाचण्यासारखे आहे, कारण सेवाशर्त म्हणजे नेमके काय हे त्यातून कळते. 29 वे कलम म्हणते की परवानगीशिवाय किंवा दोन महिन्यांची आगाऊ सूचना दिल्याशिवाय जो पोलीस अधिकारी काम सोडेल, त्याला तीन महिन्यांच्या पगारापर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. इतर सरकारी कारकून राजीनामा देऊन घरी जाई. पोलिसातून असे निघून जाणे हा गुन्हा होता. शिवाय या कायद्यात ‘पोलीस अधिकारी’ म्हणजे दलात नाव नोंदलेला कोणीही, अगदी शिपाईसुद्धा. फ्रेझर आयोगाने शिपायाचा किमान पगार महिना 8 रुपये असावा असे सुचवले होते. त्या हिशेबाने दंडाची कमाल मर्यादा 24 रुपये होते. ज्या घरात महिन्याला आठ रुपये येतात त्या घरासाठी हा आकडा केवढा, हे लक्षात ठेवून पुढची कागदपत्रे वाचा. हाताखालच्या लोकांच्या अटी कोणी करारावर लिहून दिल्या नाहीत, त्या अशा कलमांत विखुरल्या आहेत आणि म्हणूनच अभ्यासातून निसटतात.

आता पगार. ‘50–5–100’ असे लिहिलेले दिसले तर सुरुवात 50, दर वर्षी 5 ची वाढ, शेवट 100. दहा वाढी, म्हणजे अकराव्या वर्षी शंभर. पण ‘50–5/2–100’ असेल तर वाढ दोन वर्षांनी आणि त्याच शंभरावर पोहोचायला वीस वर्षे. ही तिरकी रेघ फिकट शाईत सहज नजरेआड होते, आणि तिच्यामुळे माणसाच्या अर्ध्या नोकरीचा हिशेब चुकतो. शिवाय खात्याची परीक्षा पास होईपर्यंत वेतनवाढ अडवून ठेवत, तेव्हा वेतनश्रेणी म्हणजे प्रत्यक्ष मिळालेला पगार नव्हे. ‘12-8-0’ म्हणजे बारा रुपये आठ आणे शून्य पै. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. भत्ते वेगळ्या रकान्यात असतात, ते मूळ पगारात मिळवू नका, कारण पेन्शन काढताना ते सरसकट धरले जात नसत.

पौंडांत रूपांतर करायचे असेल तर वर्ष पाहिल्याशिवाय करू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पहिल्या महायुद्धापर्यंत रुपया 1 शिलिंग 4 पेन्स, म्हणजे पौंडाला 15 रुपये (वीस शिलिंगांचा पौंड, बारा पेन्सचा शिलिंग). 1927 पासून 1 शिलिंग 6 पेन्स. महिना 450 रुपये पहिल्या दराने 30 पौंड होतात आणि दुसऱ्या दराने 33 पौंड 15 शिलिंग. मधल्या वर्षांत दर वरखाली होत राहिला, तिथे त्या त्या महिन्याचा दर घ्यावा लागतो. वरिष्ठ सरकारी नोकऱ्यांच्या अटी तपासणाऱ्या ली आयोगाच्या 1924 च्या अहवालानंतर युरोपियन अधिकाऱ्यांना ओव्हरसीज पे, म्हणजे परदेशातल्या नोकरीबद्दलचा जादा पगार, रुपयामागे 2 शिलिंग या दराने मायदेशी पाठवण्याची सवलत मिळाली. बाजाराच्या दरापेक्षा हा दर बराच वर होता. कागदावर मूळ पगार सारखा असलेल्या भारतीय आणि इंग्रज अधिकाऱ्यांत खरा फरक इथे पडे, आणि नुसती वेतनश्रेणी पाहणाऱ्याला तो दिसत नाही.

रजेसाठी 1 जानेवारी 1922 ही तारीख डोक्यात ठेवा. त्या दिवसापासून फंडामेंटल रूल्स, म्हणजे सरकारी नोकरांच्या पगार-रजेचे नवे नियम, लागू झाले. त्याआधी सिव्हिल सर्व्हिस रेग्युलेशन्स हे जुने नियम. पेन्शन मात्र त्यानंतरही जुन्या रेग्युलेशन्सवरच चालली, त्यामुळे 1925 च्या माणसाची रजा एका पुस्तकातून आणि पेन्शन दुसऱ्यातून काढावी लागते. प्रिव्हिलेज लीव्हचे, म्हणजे काम करून कमावलेल्या रजेचे, गणित सोपे: प्रत्यक्ष कामाच्या काळाचा अकरावा भाग, अकरा महिन्यांमागे एक महिना.

कागद कुठे मिळतात? राजपत्रित अधिकाऱ्यांसाठी सरकारी गॅझेट, सिव्हिल लिस्ट (अधिकाऱ्यांची हुद्देवार यादी) आणि छापील ‘हिस्टरी ऑफ सर्व्हिसेस’ (प्रत्येकाच्या नोकरीचा तपशील). मुंबई इलाख्याचे पोलिसांचे जुने कागद मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात, पण ते न्याय खात्याच्या खंडांत बांधलेले आहेत. ‘पोलीस’ नावाखाली शोधत बसाल तर दिवस जाईल. लंडनमध्ये भारतमंत्र्याच्या कचेरीचे दप्तर ब्रिटिश लायब्ररीत आहे. लंडनच्याच क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये कलोनियल ऑफिसचे, म्हणजे केनिया, हाँगकाँग वगैरे वसाहतींचे. इथे गोंधळ होतो तो सीमेवरच्या प्रदेशांचा. ब्रह्मदेश 1 एप्रिल 1937 पर्यंत भारताचा प्रांत होता. म्हणून 1922 साली मंडालेच्या पोलीस शाळेत दाखल झालेला एरिक ब्लेअर, पुढचा जॉर्ज ऑरवेल, भारतमंत्र्याच्या दप्तरात सापडतो. एडन तर 1932 पर्यंत मुंबई सरकारच्या ताब्यात होते आणि 1937 ला क्राउन कॉलनी, म्हणजे थेट ब्रिटिश वसाहत, झाले. एडनच्या पोलिसांवर काम करणाऱ्याने मुंबईचे खंड चाळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

राजपत्रित नसलेल्यांसाठी मुख्य कागद सर्व्हिस बुक, म्हणजे त्या माणसाच्या नोकरीची नोंदवही. पहिल्या पानावर नाव, बापाचे नाव, राहण्याचे गाव, जन्मतारीख, फूट-इंचांत उंची, ओळखीची खूण, खाली सही किंवा अंगठा. हे पान दर पाच वर्षांनी पुन्हा साक्षांकित करायचे असे. साक्षांकनाच्या तारखा लागोपाठ एकाच शाईत, एकाच हाताने दिसल्या तर कारकुनाने सगळे एकदम उरकले आहे असे समजा आणि जन्मतारीख दुसरीकडून पडताळा. आतल्या पानांवर नेमणूक कायम की हंगामी हा रकाना पगाराच्या आधी वाचा. हंगामी इन्स्पेक्टर म्हणून जास्त पगार घेणारा माणूस मूळ जागेवर फौजदारच असू शकतो, आणि महिनाभराने तो परत खाली आला की अभ्यासक ती पदावनती समजतो. शिक्षा झाली होती का हे शेवटच्या रकान्यात बघा. तिथे काही नसेल तर बहुधा फक्त हंगामी मुदत संपली आहे.

तीन तारखा वेगळ्या टिपून ठेवा: नेमणुकीची, हजर झाल्याची, कायम झाल्याची. त्या एकमेकींत मिसळल्या की ज्येष्ठता, वाढ आणि पेन्शन तिन्ही चुकतात. प्रोबेशनमध्येच गेलेल्या माणसाबाबत शब्द जपून वापरा. ‘बडतर्फ’, ‘सेवेतून दूर’ आणि ‘प्रोबेशन संपवले’ यांचे परिणाम वेगळे होते. प्रोबेशनरला कमी करायला कायम माणसाइतका सोपस्कार लागत नसे, आणि त्या कागदावर कारणही अनेकदा एका ओळीचे असते. त्या ओळीवरून त्याच्या चारित्र्याचा निष्कर्ष काढू नये.

शेवटी पुन्हा त्या सहीकडे. 1919 च्या भारत सरकार कायद्याच्या 96-ब कलमाने नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला बडतर्फी करता येईना. 1935 च्या कायद्यात तेच 240 वे कलम झाले, पण 243 व्या कलमाने पोलिसांच्या कनिष्ठ हुद्द्यांच्या अटी त्यांच्या त्यांच्या पोलीस कायद्यांवर सोडल्या. पुढे 240 व्या कलमाचा हाच आधार राज्यघटनेच्या 311 व्या अनुच्छेदात आला. भारतमंत्र्याने नेमलेले जे अधिकारी 1947 नंतर नोकरीत राहिले, त्यांच्या जुन्या अटींना 314 व्या अनुच्छेदाचे संरक्षण होते. ते 1972 च्या 28 व्या घटनादुरुस्तीने गेले. म्हणून 1930 च्या दशकात भरती झालेल्या अधिकाऱ्याची फाईल 15 ऑगस्ट 1947 ला मिटवू नका. पेन्शनचे कागद त्यानंतरच्या गठ्ठ्यात असतात.