एपिऑस: मण्यांच्या माळेसारखे कंद देणारी वेल

एपिऑस अमेरिकाना ही उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात ओढ्याकाठी, ओलसर झुडपांत आपसूक वाढणारी शेंगवर्गीय बहुवर्षायु वेल. तिथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या तिचे कंद खात आले आहेत. दोन्हींच्या सुक्या वजनाची तुलना केली, तर या कंदात बटाट्याच्या जवळपास तिप्पट प्रथिनं असतात. पण पहिल्याच वर्षी भरघोस काढणी हवी असेल, तर सरळ बटाटाच लावा. ही वेल दोन हंगाम मागते.

लावणीआधी जागा ठरवा. या वेलीचं खरं दुखणं तेच आहे, कारण जमिनीखालून तिच्या बारीक दोऱ्या एका हंगामात मीटरभर सहज पळतात. मोकळ्या वाफ्यात लावली, तर तिसऱ्या वर्षी शेजारच्या भाज्यांमध्ये कोंब दिसू लागतात आणि तुटून राहिलेला प्रत्येक कंद पुन्हा फुटतो. म्हणून चाळीस-पन्नास लिटरची कापडी पिशवी, मोठं पिंप किंवा चारी बाजूंनी बांधलेला वाफा घ्यावा. पिशवी मातीवर टेकवून ठेवू नका. तळातून मुळं बाहेर पडतात.

माती भुसभुशीत, कुजलेलं खत मिसळलेली आणि ओल धरणारी हवी. किंचित आम्ल असली तरी चालते, चिकणमाती मात्र नको. त्यात कंद वाढतात, पण काढताना दोरी तुटते आणि निम्मा माल खालीच राहतो. नत्रयुक्त खत हात आखडूनच द्या. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतातच, वरून जास्त दिला तर नुसता पाला माजतो.

कडाक्याची थंडी सरली की कोंबाकडची बाजू वर ठेवून कंद ५ ते ७ सेंमी खोल, ३० सेंमी अंतरावर लावा. कोंब वर यायला कित्येक आठवडे लागू शकतात. कंद मेला असं समजून उकरू नका, तेवढ्यात कोवळा कोंब मोडतो. दोनेक मीटर उंच काठी किंवा जाळी सुरुवातीलाच रोवा. आधाराविना वेल स्वतःभोवतीच पिळे घालत बसते. पानात पाच ते सात पर्णिका असतात, फुलं तपकिरी-गुलाबी, सुवासिक आणि झुपक्यात येतात. शेंगा धरल्या नाहीत तर घाबरू नका. उत्तरेकडच्या बऱ्याच रोपांत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने बी धरतच नाही, म्हणून लागवड कंदापासूनच करतात.

माती पूर्ण सुकू देऊ नका. पालापाचोळ्याचं आच्छादन असलं की काम सोपं होतं. उंदीर-घुशी कंदांवर तुटून पडतात, तेव्हा पिशवीखाली बारीक जाळी घाला.

पाला पिवळा पडून सुकला की काढणी. कुदळीने घाव घालू नका. गार्डन फोर्कने माती सैल करून दोरीचा माग काढत हाताने उचला. द्राक्षाएवढ्यापासून अंड्याएवढे कंद ओळीने ओवलेले मिळतात. मोठे खायला घ्या, मधले परत लावा. ठेवायचे असतील तर धुऊ नका. साल पातळ असल्याने उघड्यावर ते लवकर सुरकुततात. दमट वाळूत घालून थंड जागी किंवा फ्रिजमध्ये ठेवले की काही महिने टिकतात.

कच्चे खाऊ नयेत, कारण त्यात प्रथिनांचं पचन रोखणारे घटक असतात आणि ते शिजवल्याने निकामी होतात. चिरताना पांढरा चीक सुरीला चिकटतो, पात्याला तेलाचा हात लावा. सालीसकट २० ते ३० मिनिटं उकडले की साल बोटाने निघते आणि चीकही त्रास देत नाही. गरम असतानाच खा. गार झाले की घट्ट आणि कोरडे लागतात, तेव्हा काप करून परतावेत. उकडून, पातळ कापून वाळवले तर पीठ होतं. ते रस्सा घट्ट करायला किंवा कणकेत थोडंसं मिसळायला चांगलं.

काही जणांना हे कंद नीट शिजवूनही सोसत नाहीत. मळमळ, उलट्या होतात आणि आधी अनेकदा बिनत्रास खाल्लेल्यांनाही असा त्रास अचानक सुरू झाल्याची उदाहरणं आहेत. पहिल्या वेळी दोन-तीनच खा, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. त्रास झालाच, तर पुन्हा खाऊन पाहू नका.