एस-6, एस-8 म्हणजे काय? नवीन जॉईन होणाऱ्यांसाठी थोडं

महसूलमधे आस्थापना शाखेत बरीच वर्षं काढली. नवीन मुलं जॉईन झाली की दोन-तीन महिन्यांत हमखास विचारतात, सर माझा ग्रेड कोण ठरवतं, बदलून मिळतो का? म्हणून एकदाच नीट लिहितोय.

पहिली गोष्ट, वेतनस्तर, म्हणजे हा एस-6, एस-8 वाला नंबर, तुमचा नसतो, पदाचा असतो. तुम्ही एमए असा नाहीतर इंजिनिअर, लिपिक म्हणून लागलात तर एस-6 म्हणजे 19,900 ते 63,200 आणि तलाठी किंवा अव्वल कारकून असाल तर एस-8, 25,500 ते 81,100. आधी सहाव्या वेतन आयोगात ग्रेड पे, म्हणजे बँडमधल्या वेतनावर मिळणारी पदाची ठरावीक रक्कम होती, लिपिकाला 1900 आणि तलाठ्याला 2400, तोच सातव्यात मॅट्रिक्समधे, म्हणजे वेतनाच्या तक्त्यात, स्तर बनून आला. केंद्राच्या आयोगावरून राज्याने के. पी. बक्षी समिती नेमली, आणि 2019 चे सुधारित वेतन नियम आले, लागू मात्र 1 जानेवारी 2016 पासून.

त्यावेळी वेतननिश्चिती कशी झाली ते एका उदाहरणाने सांगतो. समजा तलाठ्याचं बँडमधलं वेतन 9000 होतं आणि ग्रेड पे 2400, म्हणजे 11,400. त्याला 2.57 ने गुणलं की 29,298. आता एस-8 च्या रकान्यात बोट ठेवून खाली यायचं, 28,700 नंतर 29,600 आहे, तर लगतचा वरचा म्हणून 29,600 मिळाले. प्रमोशनलाही असंच, आधीच्या स्तरात एक वेतनवाढ द्यायची आणि मग वरच्या पदाच्या स्तरात तेवढाच किंवा लगतचा वरचा टप्पा. 24,500 वरचा लिपिक अव्वल कारकून झाला तर आधी 25,200 आणि मग एस-8 मधे 25,500. हे स्वतः करून बघा, कुणावर विसंबू नका.

आता बदल कसा होतो? एका माणसाच्या अर्जावर होत नाही. संघटना निवेदन देते, विभाग प्रस्ताव करतो, वित्त विभाग आणि वेतनत्रुटी समिती बघते. समितीसमोर खरा मुद्दा एकच चालतो, तुलना. सेवाप्रवेश नियमात शैक्षणिक अर्हता काय, कामाचं स्वरूप आणि जबाबदारी काय, प्रमोशनची साखळी कशी, केंद्रात किंवा दुसऱ्या विभागात तशाच पदाला काय स्तर आहे. काम खूप आहे एवढंच लिहिलेली निवेदनं मी पाहिलीत, त्यांचं पुढे काही झालं नाही, आणि वाईट वाटतं कारण काम खरंच खूप असतं. मंजूर झालं तरी बऱ्याचदा लाभ मागच्या तारखेपासून काल्पनिक, म्हणजे फक्त कागदावर, आणि रोख आदेशाच्या आसपासपासून, त्यामुळे थकबाकीचा हिशोब मनात धरू नका. बक्षी समितीच्या अहवालाच्या दुसऱ्या खंडावरचा जीआर 2023 मधे आला, म्हणजे लागू तारखेपासून सात वर्षांनी.

पद बदललं नाही तरी स्तर वाढतो, आश्वासित प्रगती योजनेत 10, 20, 30 वर्षांनी. पण त्यासाठी गोपनीय अहवाल आणि विभागीय परीक्षा वेळेत पाहिजे.

आमच्या एका सहकाऱ्याची वेतनवाढीची तारीख चुकीची धरली गेली होती, ते कळलं वेतननिश्चिती तपासणाऱ्या पडताळणी पथकाकडे सेवापुस्तक गेल्यावर, निवृत्ती तोंडावर असताना. जादा गेलेल्या पगाराच्या वसुलीचं पत्र हातात घेऊन ते माझ्या टेबलासमोर बसले होते, चहा गार झाला तरी हात लावला नाही. चूक त्यांची नव्हती, नोंद करणाऱ्या कार्यालयाची होती. शेवटी अर्ज, निवेदन सगळं करावं लागलं. तेव्हापासून नव्या प्रत्येकाला सांगतो, वर्षातून एकदा सेवापुस्तक मागा, वेतनवाढीच्या नोंदी बघा, सही करायच्या आधी वाचा, आणि वेतननिश्चितीच्या तक्त्याची झेरॉक्स व विकल्पपत्राची (वेतननिश्चितीसाठी तुम्ही निवडलेल्या पर्यायाचं पत्र) पोच घरी फाईलला लावून ठेवा.

आठव्या आयोगाचं सगळे विचारतात. केंद्राचा आयोग न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेलाय, राज्याचं त्यानंतर. व्हॉट्सअपवर फिरणारे तक्ते बघून कर्ज काढू नका.