परगावी गेलेल्या आपल्या माणसासाठी घरची वही कशी बनवावी

मराठवाड्यातलं क्वचितच एखादं घर असं असेल, जिथलं कुणीच बाहेरगावी नाही. लेक पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला, मुलगी लातूरच्या वसतिगृहात अकरावीला, भाऊ फौजेत, सून-मुलगा मुंबईला. बीडकडची कित्येक माणसं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला निघतात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. फोन रोज होतो, 'जेवलास का, काय करूलालास' एवढं विचारून होतं. पण फोन ठेवल्यावर करमत नाही ते नाहीच. अशा वेळी उशाशी हातात धरता येईल असं घरचं काही असावं, यासाठी ही वही. ती विकत मिळत नाही. घरच्यांनीच बसून करायची. सुती दोरा, एक दाभण, चार-पाच कागद आणि दोन रविवार एवढ्यात ती होते.

आधी ठरवा, वही कुणासाठी

वहीचा आकार जाणाऱ्याच्या राहणीवरून ठरतो. वसतिगृहात एका कॉटवर राहणाऱ्या मुलाला उशीखाली मावेल अशी खिशातली वही हवी. ऊसतोडीच्या फडावर कोपीत (पाचटाच्या झोपडीत) राहणाऱ्यांना ओल, धूर, चिखल सोसणारी हवी. तिच्यात कागद जाड घ्या, मजकूर कमी आणि चित्रं जास्त. शाई पाण्याने पसरते, म्हणून पेन्सिल किंवा बॉलपेन वापरा. ऊसतोडीला आई-बाप जातात आणि लेकरं आजी-आजोबांपाशी राहतात, त्या घरांत दोन वह्या करा. एक आई-बापासोबत जाईल, दुसरी लेकराजवळ राहील. करमत नसतं ते दोघांनाही.

ज्यांच्या घरी मराठी आणि उर्दू दोन्ही बोलल्या-लिहिल्या जातात, त्यांच्यासाठी एक फार सुंदर सोय आहे. वही डावीकडून उघडली की मराठी, उजवीकडून उघडली की उर्दू, आणि दोन्ही मजकूर मधल्या पानांवर भेटतात. मधल्या जोडपानावर फक्त चित्र काढा.

कागद

आपल्याकडे दौलताबादजवळ कागजीपुरा आहे. महंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, त्या काळात कागद करणारे कारागीर इकडे आले आणि या गावाला त्यांच्या धंद्याचंच नाव पडलं, असं सांगितलं जातं. कापसाच्या चिंध्यांच्या लगद्यापासून साच्यावर उचललेला हातकागद मिळाला तर जरूर घ्या. त्याच्या कडा वेड्यावाकड्या असतात, त्या कापू नका. एक तुकडा आधी आपल्या पेनाने तपासा. शाई फुटत असेल तर मैद्याची पातळ खळ (ती कशी शिजवायची ते पुढे शिवणीत आहे) ब्रशने लावून कागद वाळवा आणि शंखाने किंवा गुळगुळीत गोट्याने घोटा. पूर्वी पोथ्यांचा कागद असाच घोटून घेत.

हातकागद नसला तर साध्या झेरॉक्सच्या ए-फोर कागदानेही भागतं, फक्त तो कसा दुमडायचा हे नीट समजून घ्या. कारखान्यातल्या कागदाचे तंतू एका दिशेने बसलेले असतात. ए-फोर कागदात ते बहुतेक वेळा लांबीच्या बाजूने असतात. वहीचा कणा, म्हणजे घडीची बाजू, तंतूंच्या दिशेने आला तर पानं सहज पडून राहतात, आडवा आला तर फुगून उभी राहतात. म्हणून ए-फोर कागद मधोमध आडवा कापा आणि आलेला प्रत्येक अर्धा तुकडा पुन्हा निम्म्यात दुमडा. कणा 14.8 सेंटीमीटरचा येतो, तंतू त्याला समांतर राहतात आणि वही शर्टाच्या खिशात जाते. असे 4 कागद घेतले की 8 दुमडी, म्हणजे 32 पानपृष्ठं होतात. पहिल्या वहीला एवढी पुरे. हातकागदात तंतू सगळीकडे विखुरलेले असतात, तिथे ही काळजी नाही.

आत काय लिहायचं

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. वेरूळ-अजिंठ्याचे फोटो, देवगिरीचा किल्ला, पैठणीचा मोर हे या वहीत नको, असं माझं ठाम मत आहे. ते जगाला दाखवायचं आहे. परगावी रात्री आठवतं ते वेगळंच असतं. दाराची कडी कुठल्या बाजूला अडकते, रांजणावरचं झाकण, गिरणीचा पट्टा सुरू झाला की येणारा आवाज, कार्तिकात पहाटे मारुतीच्या देवळातली काकडआरती, संध्याकाळची शेवटची एसटी वळताना हॉर्न कसा वाजवते. हे सगळं लिहून काढा. एक पान फक्त आवाजांचं करा, पहाटेपासून झोपेपर्यंतचं, वेळेच्या क्रमाने.

एका जोडपानावर एसटी स्टँडपासून घरापर्यंतचा नकाशा काढा. मोजमाप अचूक नसलं तरी चालेल, खुणा अचूक हव्यात. पिंपळाचा पार, रसवंती, ज्या घरासमोर कुत्रं भुंकतं ते घर, पावसाळ्यात जिथे पाणी साचतं ती जागा. नकाशा घरातल्या वेगवेगळ्या माणसांनी मिळून काढला तर फार छान होतो, कारण आबांना पार आठवतो आणि धाकट्याला बोरीचं झाड.

नकाशाला रंग आपल्या मातीचाच द्या. काळी माती वाळवून, कुटून, जुन्या सुती कापडातून गाळून घ्या. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवला की पातळ गोंद होतो, त्यात ही माती घोटली की ब्रशने लावता येते. डिंक कमी पडला तर वाळल्यावर माती हाताला लागते, जास्त झाला तर कागद ताठ होऊन तडकतो. एका तुकड्यावर लावून, वाळवून, बोट फिरवून बघा. हळद रंगासाठी मोह पाडते, पण ती उजेडात लवकर विटते. ती आतल्या पानांवरच वापरा.

आजीची एखादी पाककृती हवीच. येसर घ्या, वरणफळं घ्या, सुशीला घ्या, धपाटे घ्या, जे त्या माणसाला घरी आवडतं ते. ती आजीने सांगावी आणि तुम्ही जशीच्या तशी उतरवावी. 'एक ओंजळ', 'चिमूटभर', 'वास सुटला की' हेच तिचं मोजमाप. त्याचे ग्रॅम आणि मिनिटं करू नका, तिची बोलीही पुस्तकी करू नका. वाचणाऱ्याला तिचा आवाज ऐकू आला पाहिजे. लिहिता येत असेल तर आजीलाच लिहू द्या, अक्षर थरथरलं तरी. लिहिता येत नसेल तर कागदावर तिचा पंजा ठेवून पेन्सिलने आखून घ्या, बांगड्यांच्या जागी दोन रेघा ओढा. त्या पानावर दुसरं काही नको.

वर्षाचं एक पान करा, आपल्या सणांचं. पोळा, महालक्ष्म्या, दसरा आणि लातूर-धाराशिवकडच्यांसाठी वेळ अमावस्या. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून तिथी लिहा. वेळ अमावस्या मार्गशीर्षातली. त्या दिवशी पुण्यामुंबईत कुणाला पत्ताही नसतो, आणि इकडे सगळं गाव रानात असतं, कडब्याच्या कोपीत पांडव म्हणून पाच दगड मांडलेले, मडक्यात आंबील, पाटीत भज्जी (मिसळीची भाजी) आणि बाजरीचे उंडे. त्या तिथीपुढे एवढंच लिहा की तुमच्या रानात कोप कुठल्या बांधाला घालतात, पूजा कोण करतं आणि आंबिलीचं मडकं कुणाच्या डोक्यावर जातं. 17 सप्टेंबरही घाला. 1948 साली याच दिवशी निजामाच्या राजवटीतून मराठवाडा मुक्त झाला. आपल्या शाळांत त्या दिवशी झेंडावंदन होतं आणि बाहेर गेलेल्याला तो दिवस एकट्यालाच आठवतो.

काय लिहायचं नाही, तेही सांगतो. 'कधी येशील', 'तुझ्याविना घर सुनं झालं' हे पानोपानी नको. वाचणारा आधीच हळवा असतो, त्याच्यावर परतायचं ओझं टाकू नका. परीक्षेला बसलेल्या मुलाच्या वहीत 'अभ्यास नीट कर' ही ओळ तर मुळीच नको. ती त्याला रोज ऐकू येतेच.

आणि 32 पैकी निदान 12 पृष्ठं कोरी सोडा. सगळी शेवटी ठेवू नका, भरलेल्या पानांच्या मधे-मधे ठेवा. आजीच्या धपाट्यांसमोर कोरं पान दिसलं की तो मेसमधल्या भाजीबद्दल लिहील, नकाशाच्या पुढच्या पानावर आपल्या खोलीपर्यंतचा नकाशा काढील. घरच्या पानाशेजारी त्याचं पान आलं की वही दोघांची होते.

शिवण

दुमडलेले कागद एकात एक घाला. बाइंडिंगवाले याला जूज म्हणतात. जाड कागदाची कण्याएवढी पट्टी घेऊन तिच्यावर तीन खुणा करा: एक बरोबर मधे, बाकीच्या दोन दोन्ही टोकांपासून 2 सेंटीमीटरवर. पट्टी घडीच्या आत ठेवा, खाली जुना टॉवेल किंवा जाड रद्दी घ्या आणि दाभणाने तिन्ही खुणांवर भोकं पाडा. मुखपृष्ठही त्याच पट्टीने टोचा.

मुखपृष्ठासाठी आईच्या जुन्या इरकली लुगड्याचा काठ घ्या, किंवा फाटलेल्या वाकळीतला शाबूत तुकडा. कापड तसंच वापरलं तर सुरकुततं, म्हणून ते जाड कागदावर खळीने चिकटवायचं. एक वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग एकूण पाच वाट्या पाणी होईल इतकं घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. पांढरेपणा जाऊन खळ पारदर्शक दिसू लागली की उतरवा. गार झाल्यावर गाळून घ्या आणि दोन दिवसांत संपवा. कीड लागू नये म्हणून बाइंडिंगच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण मोरचूद विषारी असतो आणि ही वही उशाशी राहणार, लेकरांच्या हातात पडणार. तो घालू नका. त्याऐवजी मागच्या कव्हरला आतून छोटा खिसा चिकटवा आणि त्यात वेखंडाचा तुकडा आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा. मसाला, तीळ, धान्य असं काही पानांत ठेवायचा मोह होतो, तो टाळा. तेल कागदात उतरतं आणि मुंग्या, कसर लागते.

चिकटवलेलं कव्हर दोन कोऱ्या कागदांच्या मधे घालून पाट्याखाली रात्रभर दाबून ठेवा. सकाळी ते 15.4 बाय 22 सेंटीमीटरचं कापून मधे दुमडा.

आता सुमारे 50 सेंटीमीटर जाड सुती दोरा मेणावरून एकदा ओढून गोधडीच्या सुईत ओवा. वहीच्या आतून, मधल्या भोकातून सुई बाहेर काढा आणि आत 8-10 सेंटीमीटर शेपूट सोडा. बाहेरून वरच्या भोकातून आत या. आतून मधलं भोक ओलांडून सरळ खालच्या भोकापर्यंत जा आणि तिथून बाहेर पडा. बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत या. सुई आधीच्या दोऱ्याला टोचू देऊ नका, नाहीतर गाठ घट्ट बसत नाही. शेवटी दोन्ही टोकं आतल्या लांब दोऱ्याच्या दोन बाजूंना घेऊन घट्ट गाठ मारा. दोरा कण्याच्या दिशेने ओढा. भोकांकडून आडवा ओढला तर कागद फाटतो.

फोटो लावायचे असतील तर अख्खे चिकटवू नका. चारही कोपऱ्यांसाठी कागदाच्या त्रिकोणी टोप्या करून त्यांत ते बसवा, म्हणजे काढता-घालता येतात. घरच्या इंकजेट प्रिंटरवरचे फोटो ओल्या हाताने फुटतात. स्टुडिओतून काढून आणलेले बरे.

पाठवताना

जुन्या पोथ्या कापडात गुंडाळून ठेवतात, तसा सुती रुमाल घेऊन वही त्यात बांधा. माणूस सोबत जाणार असेल तर उत्तमच, नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवा आणि स्पीड पोस्टाने पाठवा. पाकिटावरचा पत्ता घरातल्या ज्याचं अक्षर त्याला ओळखू येतं त्यानेच लिहावा.

भोकं पाडायची ती कागदी पट्टी फेकू नका, घरी जपून ठेवा. दिवाळीला वही परत आली की तिच्यात काय लिहून आलंय ते सगळ्यांनी बसून वाचा. मग पुढचा जूज त्याच पट्टीने टोचा, जुनी गाठ सोडा, दोन्ही जूज जवळजवळ ठेवून एकाच कव्हरच्या कण्यात शेजारी-शेजारी शिवा. त्यासाठी कव्हरवर पहिल्या तीन भोकांपासून 4 मिलिमीटर अंतरावर तीन भोकांची दुसरी रांग पाडावी लागते. कव्हर तेवढं रुंद असावं, म्हणून पहिल्या वेळीच ते 22 ऐवजी 23 सेंटीमीटरचं कापलंत तर दुसऱ्या वर्षीही चालेल.