बेसबॉल संघाच्या मालकाकडे पैसा आला कुठून, हे कसे शोधावे?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या ३० संघांपैकी एखाद्या संघाच्या मालकाची संपत्ती कुठून आली हे जाणून घ्यायचे असेल, तर त्याने संघ कोणत्या साली विकत घेतला ते आधी शोधावे, कारण त्या सालापूर्वी तो काय करत होता यातच बहुधा उत्तर सापडते. बेसबॉलच्याच कमाईवर मालक झालेली माणसे फार थोडी आहेत. शिकागो व्हाइट सॉक्सचा चार्ल्स कोमिस्की हा आधी खेळाडू होता आणि पुढे संघमालक झाला, पण तो काळ अगदी सुरुवातीचा होता.

साल हाती आले की त्या वेळच्या धंद्यांकडे पाहावे. १९१५ मध्ये न्यूयॉर्क यांकीज घेणाऱ्या जेकब रूपर्टचा बिअरचा कारखाना होता, शिकागो कब्जचे रिगली कुटुंब च्युइंग गमवर मोठे झाले, तर १९७४ मध्ये सॅन डिएगो पाद्रेज घेणारा रे क्रॉक मॅकडोनाल्ड्सचा होता. डेट्रॉइट टायगर्सचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते: १९८३ मध्ये तो संघ डॉमिनोजच्या टॉम मोनाहनने घेतला आणि १९९२ मध्ये लिटल सीझर्सच्या माइक इलिच यांना विकला, म्हणजे एका पिझ्झावाल्याकडून तो दुसऱ्याकडे गेला. त्यानंतर मात्र वित्तव्यवसायातील माणसे वाढत गेली. २००२ मध्ये बॉस्टन रेड सॉक्स घेणाऱ्या गटाचे प्रमुख जॉन हेन्री वायदेबाजारातून आले, तर २०२० मध्ये सुमारे २४० कोटी डॉलरना न्यूयॉर्क मेट्स घेणारे स्टीव्ह कोहेन हेज फंडातून, म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांचा पैसा गुंतवणाऱ्या खाजगी फंडातून.

पुढे पैसा स्वतः मिळवलेला आहे की वारशाचा, हेही तपासावे. अॅथलेटिक्स या संघाचे मालक जॉन फिशर हे गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापकांचे पुत्र आहेत.

खरेदी-विक्रीच्या किमती शेजारी ठेवून पाहणे अत्यंत उद्बोधक असते. अॅस्बेस्टॉसमुळे आजारी पडलेल्या कामगारांचे खटले लढून श्रीमंत झालेले वकील पीटर अँजेलोस यांच्या गटाने १९९३ मध्ये दिवाळखोरीच्या लिलावात बाल्टिमोर ओरिओल्स १७ कोटी ३० लाख डॉलरना घेतला, आणि २०२४ मध्ये गुंतवणूक व्यवसायातील डेव्हिड रूबेनस्टाइन यांच्या गटाला तो विकताना व्यवहाराची किंमत १७२ कोटी ५० लाख डॉलर धरण्यात आली. तरीही हा सगळा फरक नफा समजू नये. महागाई, कर्ज आणि भागीदारांचे हिस्से त्यातून वजा करावे लागतात, आणि वर्तमानपत्रांत छापले जाणारे संघांचे मूल्यांकन हा तर केवळ अंदाज असतो.

बहुतेक संघ खाजगी असल्याने त्यांचे हिशेब बाहेर येत नाहीत. अटलांटा ब्रेव्हजच्या मालक कंपनीचे शेअर मात्र बाजारात विकले जातात, त्यामुळे त्या कंपनीचा वार्षिक अहवाल कोणालाही वाचता येतो. त्यात बेसबॉलचे उत्पन्न आणि मैदानालगतच्या ‘द बॅटरी अटलांटा’ या दुकाने-कार्यालयांच्या संकुलाचे उत्पन्न वेगवेगळे दाखवलेले असते, आणि अभ्यासाची सुरुवात तेथूनच करावी असे मी सुचवेन.