पांढरी किचन कपाटं पिवळी पडली? आधी कारण ओळखा, मग फडकं उचला

पांढऱ्या कपाटांवरचा पिवळेपणा दोन प्रकारचा: वर बसलेला आणि आत मुरलेला. पहिला पुसून निघतो. दुसरा कितीही घासला तरी हलत नाही, घासण्याच्या नादात चकाकी मात्र जाते. त्यामुळे आधी परीक्षा.

१. कारण शोधा. दाराचं एक हँडल काढा आणि त्याखालचा रंग बघा. तिथे ना तेल पोहोचतं ना उजेड. मग शेजारचाच कोपरा साबणाच्या पाण्याने पुसा. दोन्ही रंग जुळले तर दोष चिकट थराचा. पुसूनही पिवळं आणि तेही खिडकीकडच्या दारांवर जास्त, तर उन्हाने लॅमिनेट (सनमायका) किंवा मेम्ब्रेनचा (दारावर चिकटवलेल्या पातळ प्लास्टिक थराचा) रंग बदलला आहे. दाराची आतली बाजूच अधिक पिवळी असेल, तर बहुधा तो ऑइल पेंट असतो. हा रंग अंधारात जास्त पिवळा पडतो. लाकडाच्या गाठींवर तपकिरी डाग उमटले असतील, तर आतलं टॅनिन (लाकडातलं नैसर्गिक तपकिरी द्रव्य) रंगातून वर आलं आहे.

२. चिकटा काढा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब टाका. मऊ कापड भिजवून घट्ट पिळा, मेणचट जागी पाचेक मिनिटं नुसतं दाबून ठेवा आणि मग पुसा. जुनं तेल हवेने घट्ट होऊन चिवट झालेलं असतं. ते सुटायला जोर नाही, वेळ लागतो. खाचांसाठी जुना मऊ टूथब्रश. तरीही डाग राहिला तर खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट हलक्या हाताने फिरवा, पण चकचकीत अ‍ॅक्रिलिकवर नको, ओरखडे उठतात. शेवटी साध्या पाण्याने पुसून लगेच कोरडं करा. कडांमधून पाणी शिरलं की एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून बनवलेला बोर्ड) फुगतं आणि ते परत बसत नाही.

तारेचा चोथा आणि थिनर लांब ठेवा. ब्लीचच्या भानगडीतही पडू नका; ते व्हिनेगर किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळलं तर विषारी वायू तयार होतो.

३. मुरलेला रंग झाका. इथे घरगुती नुस्खे माझ्या मते निव्वळ वेळेचा अपव्यय आहेत. उन्हाने पिवळं पडलेलं मेम्ब्रेन पूर्ववत होत नाही. शटर (कपाटाचं दार) बदला किंवा रंगवा. रंगवायचं ठरलं तर दारं काढा, प्रत्येकाच्या बिजागरीच्या खाचेत नंबर लिहा (नाहीतर परत बसवताना कोडंच होतं), तेलकटपणा पूर्ण घालवा आणि १८० ते २२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा. धूळ पुसून प्रायमर लावा: गुळगुळीत पृष्ठभागासाठी घट्ट चिकटणारा, टॅनिनच्या डागांवर शेलॅकचा (लाखेपासून बनलेला). वरून पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक इनॅमलचे दोन पातळ हात द्या. ऑइल पेंट परत लावलात तर काही वर्षांनी हेच काम पुन्हा निघेल.

रंग काही तासांत हाताला कोरडा लागतो, पण पुरता कडक व्हायला दोन-तीन आठवडे घेतो. तोवर दारं आपटू नका आणि ओल्या फडक्याने पुसू नका.