ला क्रेसेंटची वाइन: आंबटपणा वेलीपासूनच उतरवा

मिनेसोटात घरामागे पांढऱ्या द्राक्षाची वाइन करायची असेल, तर शार्डने या नावाजलेल्या जातीचा नाद सोडा. उणे तीस अंश सेल्सिअसची एक रात्र आली की तिचे डोळे (काडीवरच्या कळ्या) जळतात आणि वसंतात हातात नुसत्या वाळक्या काड्या उरतात. ला क्रेसेंट लावा. मिनेसोटा विद्यापीठाने २००२ मध्ये आणलेली ही संकरित जात उणे ३५ च्या आसपासही तग धरते, आणि तिच्या वाइनला जर्दाळूचा असा वास येतो की बाकी कटकट सोसावीशी वाटते. त्याच विद्यापीठाची २०१७ ची इटास्का कमी आंबट आणि नवख्याला सोपी आहे, पण वासात तिला ही सर नाही.

लागवडीचं फार काही नाही. भरपूर ऊन, पाण्याचा निचरा, दोन वेलींत आठ फूट, ओलांडा (वेलीचा आडवा हात) सहा फुटांवरच्या तारेवर आणि काड्या खाली लोंबत्या. पहिली दोन वर्षं घड दिसला की खुडून टाका. केवडा हा बुरशीचा रोग या जातीवर पटकन येतो, म्हणून पहिली फवारणी फुलोऱ्याआधी. मणी मऊ पडू लागले की पक्ष्यांसाठी जाळी.

छाटणी मात्र एकदाच, मार्चअखेर. निफाडचे मामा फोनवर एप्रिलची खरड छाटणी (काड्या वाढवण्यासाठी) आणि ऑक्टोबरची गोड छाटणी (फळासाठी) समजावून सांगतील. ऐकून घ्या आणि सोडून द्या. तो हिशेब तिथल्या हवेचा आहे. इथे ऑक्टोबरात कात्री चालवली, तर हिवाळ्यात किती डोळे मरणार हे कळायच्या आत चांगले डोळे कापून बसाल.

आता खरा घोळ. ला क्रेसेंटमध्ये साखर छान उतरते, २४-२५ ब्रिक्सपर्यंत (म्हणजे रसात साधारण तेवढे टक्के साखर), पण आम्लता लिटरला १२ ते १४ ग्रॅम राहते. पिण्याजोग्या पांढऱ्या वाइनला सात-आठ पुरे. यावर ‘पाणी घाला’ किंवा ‘पोटॅशियम बायकार्बोनेट टाका, झालं’ असे सल्ले मिळतात. पाण्याने आंबटपणाबरोबर वास आणि अंगही पातळ होतं, त्यामुळे तो विषयच नको. बायकार्बोनेटची गंमत अशी, की ते फक्त टार्टारिक आम्ल काढतं. आपल्या द्राक्षात जास्त असतं ते मॅलिक हे दुसरं आम्ल, त्याला ते हातही लावत नाही. म्हणून लोक मूठमूठ ओततात, टार्टारिक संपतं, पीएच भलतीकडे चढतो आणि वाइन खारट, सपक होऊनही आंबटच राहते.

माझं म्हणणं, आम्लता टप्प्याटप्प्याने उतरवा, आणि सुरुवात वेलीवर करा. मणी धरल्यावर घडांभोवतीची पूर्वेकडची पानं काढा. ऊन लागलं की मॅलिक वेलीवरच जळतं. पश्चिमेची पानं राहू द्या, दुपारच्या उन्हात मणी भाजतात. तोडणीची घाई नको. ब्रिक्स २३ झाले म्हणून कात्री काढणारे पुष्कळ पाहिलेत. साखर थांबल्यावरही आंबटपणा उतरत असतो, तेव्हा चाखत राहा आणि मोजत राहा. सप्टेंबर थंड गेला तर मात्र तो फारसा हलत नाही. मणीगळ सुरू झाली की थांबण्यात अर्थ नाही, घड हलवताच मणी मातीत जातात. तोडताना घडात लपलेले लेडीबग झटका. चुकून प्रेसमध्ये गेले, तर शेंगदाण्याच्या सालासारखा कडवट वास येतो आणि तो जात नाही.

दुसरा टप्पा यीस्टचा. ७१बी नावाचं यीस्ट वापरा, दुसरं नको. ते किण्वनातच (साखरेचं अल्कोहोल होताना) २० ते ३० टक्के मॅलिक खातं, वर फळाचा वास राखतं. मॅलिकचं सौम्य लॅक्टिक आम्ल करणारे मॅलोलॅक्टिक जिवाणू सोडण्याचा मोह टाळा. आम्लता उतरेल, पण जर्दाळूच्या जागी लोण्याचा वास येईल.

तिसरा टप्पा थंडीचा, आणि ती इथे फुकट आहे. किण्वन संपल्यावर वाइन शून्याच्या आसपास दोन-तीन आठवडे ठेवा, टार्टारिकचे खडे तळाशी बसतात. गॅरेजमध्ये ठेवाल तर थर्मामीटर लावा. उणे पाचाखाली वाइन गोठू लागते आणि काचेची कारबॉय (मोठी बरणी) फुटते. एवढं करूनही आम्लता नऊच्या वर असेल, तरच बायकार्बोनेट, तेही लिटरला एक ग्रॅमपर्यंत, आणि आधी पेलाभर वाइनवर करून बघून. मोजण्याआधी नमुना खूप हलवून त्यातला वायू घालवा, नाहीतर आकडा खोटा मोठा येतो.

उरलेल्या आंबटपणाला साखर. कैरीच्या पन्ह्यात गूळ घालतो, तोच न्याय. लिटरला १५ ते २५ ग्रॅम. ‘खरी वाइन कोरडीच’, म्हणजे बिनसाखरेची, म्हणणाऱ्यांना कोरडी ला क्रेसेंट पाजा, परत बोलणार नाहीत. साखरेआधी सल्फाइट (जिवाणू मारायला) आणि सॉर्बेट (यीस्ट पुन्हा वाढू नये म्हणून) दोन्ही घाला. एकटं सॉर्बेट पुरत नाही. जिवाणू शिल्लक राहिले तर ते सॉर्बेटपासूनच जिरेनियमच्या चुरगळलेल्या पानासारखा वास देतात.

बाकी नेहमीचंच. घड दाबून रस लगेच सालीपासून वेगळा करा, दहा लिटरला ग्रॅमपेक्षा जरा कमी मेटाबायसल्फाइट, रात्रभर थंडीत निवळू द्या, मग १५ ते १८ अंशांत किण्वन. यीस्टला पोषक द्रव्य द्यायला विसरू नका. अमेरिकेत घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत करता येते, विकता मात्र येत नाही.

बाटल्या वसंतात भरा आणि पुढच्या वर्षभरात संपवा. ला क्रेसेंट मुरवत ठेवून काही मिळत नाही, उलट जर्दाळू तेवढा उडून जातो.